कोरांटीची वई

बन्सी गवंडी सकाळी साडेसातलाच दोरी, ओळंबा आणि चुन्याची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा विजूआत्यानं सगळ्यात आधी त्याच्या हातात चहाचा कप दिला. गवंड्याच्या हातात कप असला की दोरी नसते, एवढं गणित तिला एकाहत्तर वर्षांत जमलेलं होतं.

पहिला चहा झाला, दुसरा झाला. दुसऱ्याबरोबर तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी आली.

"माताजी, बस हो गया," बन्सी म्हणाला. "प्रफुल्लसाब ने बोला था, आठ बजे तक लाइन मार के रखना."

"प्रफुल्लसाब अजून बोईसरला आंघोळ करतो हाय. तू खा. उपाशी मानसाला कामाला लावत नाय आमी."

"मैं तो नाश्ता करके आया हूँ."

"मंग हे जेवन समज."

बन्सीनं भाकरी मोडली. आत्या उंबऱ्यावर बसून त्याच्याकडं अशी बघत राहिली, की त्याला घास मोठा घ्यायचीही सोय राहिली नाही आणि लहान घ्यायचीही. बाहेर टेम्पोतून उतरवलेल्या विटा रचून ठेवलेल्या होत्या. त्या विटांकडं मात्र ती बघत नव्हती.

देवदिवाळी होऊन चार दिवस झाले होते. मुदत संपली होती आणि आजचा रविवार निवाड्याचा होता.

बळवंत गेल्यावर वाडीचे दोन भाग झाले, ते सोळा महिन्यांपूर्वी. घरासकटचा भाग धाकट्या धीरजकडं आला आणि पलीकडची नारळी-पोफळी थोरल्या प्रफुल्लकडं गेली. बळवंतची बहीण म्हणून विजूआत्याचाही त्यात हक्क होता. ऐन विशीत नवरा गमावून ती माहेरी आली होती. भावाची बायको गेल्यावर त्याची दोन्ही पोरं तिनंच वाढवली होती. कचेरीत तिनं हक्कसोड लिहून दिली, सही केली आणि पेन खाली ठेवायच्या आधी दोघा भाच्यांना म्हणाली, "मला नारळ नको, सुपारी नको. माझी मागची खोली तेवढी ऱ्हाऊ दे. आनि एक करा, मधी भिंत घालू नका. झाडांची वई लावा."

ती मागची खोली अगदी हद्दीला लागून होती. तिचं दार उघडायचं ते थेट प्रफुल्लच्या पोफळीत. दर शनिवारी संध्याकाळी कंपनीतून सुटला की प्रफुल्ल बोईसरहून यायचा, आपल्या झाडांतून एक फेरी मारायचा आणि त्याच दारातून आत येऊन "आत्या, चहा" म्हणायचा. वईत माणूस जाण्यापुरती कवाडी ठेवता आली असती; भिंत उभी राहिली असती तर ते दार उघडून तीन फुटांवर तिला सिमेंट दिसलं असतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलायला लागावं असली ही गोष्ट नाही, असं तिचं म्हणणं.

प्रफुल्लची बाजूही अगदीच खोटी नव्हती. धीरजनं घराच्या दोन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. केळव्याला समुद्र बघायला आलेली माणसं समुद्र सोडून बाकी सगळीकडं फिरायची. वाटणीच्या आधीच्याच मे महिन्यात अंधेरीच्या काही मंडळींनी पलीकडच्या दोन पोफळींना झोळी बांधली आणि तिच्यात एकदम तिघं जण बसले. एक पोफळ जागच्या जागी मोडली.

"वई लावा," प्रफुल्ल कचेरीतच म्हणाला होता. "पण पुढच्या वर्षीच्या देवदिवाळीपर्यंत अशी दाट झाली पाहिजे, की भागीची शेळीसुद्धा आत शिरता कामा नये. नाही झाली तर भिंत. आणि निवाडा आत्या करेल. आत्यावर माझा विश्वास आहे."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं, असं आत्याला पुढं सोळा महिने वाटत राहिलं.

वईच्या कुंपणाला पिवळी कोरांटी लावली. भागी जव्हारकडची. दर वर्षी भात कापून झालं की ती वाडीत कामाला यायची, ते पावसाळ्यापर्यंत. तिनंच त्या आषाढात आपल्या माळावरच्या कोरांटीच्या फांद्या कापून, भारा बांधून, नवऱ्याबरोबर एसटीनं पाठवल्या होत्या. निरोपही पाठवला होता, "पावसातच रोवा. मंग तिच्याकडं बघू पन नका."

तिच्याकडं बघू नका! तीन पिढ्या पानवेल शिंपलेल्या घराला हा निरोप होता. पानवेलीचं सगळं लाडाचं. एक संध्याकाळ पाणी चुकलं तर दुसऱ्या दिवशी पानं रुसून खाली माना घालतात. पान पिवळं पडलं म्हणजे झाड तहानलं, हे या घरातल्या पोराला मुळाक्षरांच्या आधी येतं. पहिलं वर्ष चांगलं गेलं, कोरांटी गुडघ्यापर्यंत आली. यंदा पाऊस सरला, ऊन तापलं आणि आत्याच्या दारासमोरच्या चार झाडांनी चार पानं पिवळी केली.

दुसऱ्या दिवसापासून मासे धुतलेलं पाणी तिनं परसातल्या नारळाला घालायचं बंद केलं आणि पहाटे कुणी उठायच्या आत वईला घालू लागली. पंचानं असं करावं की नाही, हा विचार तिच्या मनात आला होता. पण वईला कुठं बाजू असते, असं म्हणून तिनं तो बाजूला सारला. पुढं पानं आणखी पिवळी झाली. तिनं मडकं मोठं घेतलं.

"आत्या, गवंड्याला जावई केलात की काय?"

दारात स्नेहा उभी होती, प्रफुल्लची बायको. मागं प्रफुल्ल गाडीला कुलूप लावत होता.

"जावई कसला," आत्या म्हणाली. "जावई एवढा खात नाय."

बन्सीनं कप खाली ठेवला आणि सुटका झाल्यासारखा उठला. "साब, मैं तो कब से बोल रहा हूँ..."

"माहीत आहे," प्रफुल्ल म्हणाला. "आमच्या आत्याच्या तावडीतून आजवर कोण उपाशी सुटलंय? थांब जरा. आधी वई बघू. ठरलंय तसं."

तो आत्याच्या पाया पडला. आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा जास्त वेळ ठेवला.

"काय गं आत्या, तब्येत बरी ना?"

"मला काय धाड भरली! धीरज पाहुन्यांना समुद्रावर सोडायला गेलाय. येल आता. तवर बस."

आतल्या बाजूला धीरजची बायको दीपा उकडहंडीची, मडक्यात शिजवायच्या मिसळ भाजीची, तयारी करत होती. कोनफळ, रताळी, वालपापडी, सगळं चिरून परातीत पडलेलं. स्नेहा पदर खोचून तिच्यासमोर बसली आणि आत्या दाराआडच्या पाटावर सुपारी कातरत बसली. जावा एकमेकींशी बोलू लागल्या की आत्याला अडकित्त्याचं काम नेहमी आठवायचं.

"ताई, तुम्हाला खरं सांगू?" दीपा आवाज खाली आणून म्हणाली. "मला भिंत चालेल."

"काय सांगतेस!"

"हे तिकडं वई-वई करून जीव टाकतात. पण पाहुण्यांच्या मागं 'अहो, तिकडं नका जाऊ, ते आमच्या मोठ्या दिरांचं आहे' म्हणत धावतं कोण? मी. परवा एक बाई विचारते, मोठे दीर चावतात का?"

स्नेहा हसता हसता रताळ्यावर वाकली. "मग मी पण सांगते. मला भिंत नको. भिंत झाली की हे पुढच्या वर्षी रिटायर होऊन इथं घर बांधणार आणि मला बोईसरच्या मैत्रिणींतून उचलून इथं नारळ राखायला बसवणार. वई असली की निदान घर बांधायला मन घेत नाही यांचं. म्हणतात, आत्याचं दार आहे ना, कशाला वेगळं घर."

अडकित्ता थांबला.

"आत्या, ऐकताय ना?" दीपानं विचारलं.

"मला काय कळतं तुमचं," आत्या म्हणाली. "मी सुपारी कातरते."

पण मनात तिनं मोजणी केली. थोरला भिंतीच्या बाजूचा, त्याची बायको वईची. धाकटा वईचा, त्याची बायको भिंतीची. मतं समसमान पडली होती आणि पंच मासे धुतलेलं पाणी घालणारा. चांगला न्याय होणार होता.

धीरज आल्यावर सगळे निघाले. आत्या पुढं झाली आणि रस्त्याकडं न जाता तरातरा खालच्या बांधाकडं चालू लागली. शनिवारी प्रफुल्ल यायचा तो दिवेलागणीनंतर; दारासमोरची वई त्यानं उजेडात बघितली नसेल, अशी तिला आशा होती.

"तिकडून का?" प्रफुल्लनं विचारलं.

"पंच कोन हाय?"

"तू."

"मंग गप माझ्यामागनं ये."

बांधाकडची वई म्हणजे बघण्यासारखी होती. कंबरेच्या वर गेलेली, काट्यात काटा अडकलेली, आणि प्रत्येक शेंड्याला पिवळी फुलं. सकाळच्या उन्हात हळद सांडल्यासारखा बांध दिसत होता. प्रफुल्लनं परीक्षा म्हणून गुडघा आत घालून पाहिला आणि काट्यांनी त्याची पँट अशी धरली, की सोडवायला स्नेहाला खाली बसावं लागलं.

"कशी वाटते?" धीरज म्हणाला. "शेळी जाईल का?"

"शेळी नाही जाणार," प्रफुल्ल पँट झटकत म्हणाला. त्याचा चेहरा भिंत घालायला आलेल्या माणसाचा वाटत नव्हता. "चांगली धरलीय रे. फुलं किती आलीत बघ."

"बघितलं ना?" आत्या घाईनं म्हणाली. "सगळी अशीच हाय. चला, उकडहंडी उतरवायची असंल..."

"सगळी बघू, आत्या."

मग सगळी बघावी लागली. बांधापासून वर येऊ लागलं तशी वई कंबरेवरून मांडीवर आली, मांडीवरून गुडघ्यावर. फुलं विरळ झाली, मग संपली. आत्याच्या दारासमोर, चांगल्या चाळीसेक फुटांत, नुसत्या पिवळ्या-काळ्या काटक्या उभ्या होत्या. त्यांतून शेळीच काय, शेळी विकत घ्यायला आलेला माणूसही आरामात गेला असता.

वईजवळच्या नळाचं एक टिपूस पडलं. वई लावली त्या वर्षी पाऊस सरल्यावर काही दिवस भिजवायला म्हणून धीरजनं तो नळ मुद्दाम तिथं बसवला होता. त्याला दुसरं काम नव्हतं.

"हे काय आहे?" प्रफुल्लनं विचारलं.

"तेच मी विचारतोय," धीरज म्हणाला. "बाकी सगळी धरली आणि इथंच कशी मेली? तूच सांग. दर शनिवारी येतोस, इथं घुटमळतोस. काय घालतोस मुळाशी? कंपनीतलं काही आणतोस का?"

"मी घुटमळतो?" प्रफुल्लचे कान लाल झाले. "मी कंपनीतून विष आणून टाकतो? आणि तुझे पाहुणे बाटल्या रिकाम्या करतात त्या कुठं करतात?"

"माझे पाहुणे पैसे देऊन आणलेली बाटली झाडाला पाजत नाहीत!"

"नाहीच पाजत, भाऊजी म्हणतायत ते खरं," स्नेहा म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"कोरांटीच्या," स्नेहा म्हणाली.

"पण पाहुणे इथून ये-जा करतात, हे दादांचं खरं आहे हो," दीपा नवऱ्याला म्हणाली आणि धीरज तिच्याकडं असा बघू लागला, की जणू घराचा वासाच फिरला.

इथवर सगळं नेहमीचं होतं. असली भांडणं या घरात भाजीला फोडणी द्यावी तशी व्हायची. पण धीरजचा आवाज एकदम बदलला.

"तुला भिंत पाहिजेच होती," तो म्हणाला. "वई ही नुसती आत्याची समजूत. बाबांच्या तेराव्याच्या दिवशी तू टेप घेऊन वाडीत फिरत होतास, मी बघितलंय."

प्रफुल्लनं पोफळींकडं बघितलं. "मी बाबांनी लावलेल्या पोफळी मोजत होतो," तो म्हणाला. "किती आहेत ते मला कधी माहीतच नव्हतं." आणि मग, "जाऊ दे. बन्सी, दोरी घे."

आत्या नळाशेजारच्या दगडावर बसली. "आधी भागीला बोलवा," ती म्हणाली. "तिनं झाडं दिली. तिला न इचारता तिच्या झाडांना मेलं म्हनू नका."

भागी पलीकडं नारळ सोलत होती. ती हात पुसत आली, चाळीस फुटांच्या त्या काटक्यांकडं बघितलं, मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. खाली बसून तिनं एक झाड दोन बोटांनी उपटलं. ते लोण्यातून सुरी यावी तसं वर आलं. मुळं काळी, मऊ. तिनं ती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"हिला पानी कोन घालतं?"

"कुणी नाही," धीरज म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. आत्या जराशा उशिरानं म्हणाली, "कुनी नाय."

"कुनी नाय?" भागीनं मुळाखालची माती मुठीत घेऊन दाबली. बोटांतून पाणी निथळलं. "मंग काय, तुमची इहीर रातची आपल्या पायानं चालत आली हितं?"

कुणी आभाळाकडं बघितलं, कुणी नारळाच्या शेंड्याकडं. भागी मात्र माती चिवडत राहिली. मग तिनं बोटाच्या टोकावर काहीतरी उचललं आणि उन्हात धरलं. ते चकाकलं.

"ह्ये बघा. खवला," ती म्हणाली. "आमच्या माळावरची कोरांटी मासे खात नाय. तुमच्याकडं येऊन शिकली."

"बोयटाचा आहे," दीपा वाकून म्हणाली. आणि मग हळूच, "बोयटं आपल्याकडं आत्याच साफ करतात."

सगळे आत्याकडं वळले.

"बघता काय!" आत्या म्हणाली. "पान पिवळं दिसलं म्हनून घातलं. मासे धुतलेल्या पान्यावर तुमच्या बापानं नारळ वाढवलेत. एक मडकं. फार तर दोन."

"पंचच फुटला!" धीरज ओरडला. आता तो हसत होता. "आत्या, तू? पंच असून?"

"थांब, थांब," भागी म्हणाली. "दोन मडक्यांनी येवढा चिखल व्हत नाय. आनखीन कोन हाय, सांगा."

धीरजचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं नळाकडं बघितलं. नळानं नेमकं तेव्हाच आणखी एक टिपूस टाकलं.

"मी फक्त संध्याकाळी," तो म्हणाला. "अर्धा तास. रोज नाही... म्हणजे, रोजच. पण अर्धाच तास."

"आणि मी म्हणत होते, पाहुण्यांच्या बाथरूमला पाणी का चढत नाही," दीपा म्हणाली. "हे सगळं इथं मुरत होतं तर!"

"तू काय घालतेस?" धीरजनं उलटून विचारलं.

"मी? मी कशाला घालेन! मला तर भिंत..." दीपा अडखळली. "चहाचा चोथा टाकते कधीमधी. चोथा म्हणजे काय पाणी असतं का?"

भागी आता मटकन खालीच बसली होती आणि पदर तोंडाला लावून हलत होती. "तुमी वाडीवाले," ती म्हणाली, "मेलेल्या मानसाला पन उठवून पानी पाजाल. येवढं सांगितलं व्हतं, तिच्याकडं बघू नका. बांधाकडं तुमचा पाइप पोचत नाय, तं तिकडं बघा कशी उभी हाय."

प्रफुल्ल बाजूला उभा राहून हे सगळं ऐकत होता. हात मागं बांधलेले, पंचाच्या वरचा कुणी साहेब असावा तसा. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला, "माझ्या अटीत..."

"एक मिनिट," स्नेहा म्हणाली. ती त्याच्या पायांकडं बघत होती. "तुमच्या बुटांना दर शनिवारी चिखल लागून येतो. मी विचारलं तर म्हणता, समुद्रावर फिरायला गेलो होतो. समुद्रावर वाळू असते ना हो?"

प्रफुल्लनं खाली बघितलं. सगळ्यांनीच खाली बघितलं.

"आणि तो चिखल असाच असतो," स्नेहानं पुढं चालवलं, "असाच काळा आणि माशांचा वास येणारा. मी उगाच समुद्राला दोष देत होते."

"मला वाटलं, धीरजला पाहुण्यांच्या नादात वेळ होत नसेल," प्रफुल्ल म्हणाला. तो कुणाकडंच बघत नव्हता. "आठवड्यातून एकदाच यायचो. म्हणून जरा भरपूर घालायचो."

"पण दादा," धीरज म्हणाला, "तुला तर भिंत पाहिजे होती."

"अट घातली होती मी. अट घातली म्हणून झाड तहानेनं मारायचं, असं कुठं ठरलं होतं?"

यावर दीपाला जे हसू फुटलं, ते आवरेना. ती स्नेहाच्या खांद्यावर डोकं टेकवून हसली, स्नेहा हसली, धीरज नळाला धरून हसला. प्रफुल्ल रागावल्याचं तोंड करून उभा होता, पण ते तोंड त्याला फार वेळ पेललं नाही. बन्सीला मराठी पुरतं कळत नव्हतं, तरी सगळे हसतात म्हणून तोही हसला. मग त्यानं आपल्या कामाचं विचारलं.

"तो साब, लाइन मारूँ?"

हसू विरलं. सगळ्यांनी आत्याकडं बघितलं.

आत्याला त्या वेळी काहीही म्हणता आलं असतं. सगळ्यांचं मन भिजलेलं होतं, तिनं "वई चालंल" म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. ती दगडावरून उठली. वईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. एका काटकीला हात लावून पाहिला. ती मोडून हातात आली.

"वई हरली," ती म्हणाली. "यातून म्हैस जाईल, शेळीचं काय घेऊन बसलाय. मी हक्क सोडला तवा तुमी माझा शब्द राखलात. वई लावली. आता माझ्यापायी तुमची अट मोडायची नाय. प्रफुल्ल, तू पंच नेमलास मला. हा निवाडा. मार रं बाबा लाइन."

"आत्या..." धीरज म्हणाला.

"गप."

बन्सीनं दोरी ताणली. एक टोक रस्त्याकडच्या खुंटीला, दुसरं आत्याच्या खोलीच्या पलीकडं. दोरीवरून चुना झटकला आणि मातीवर पांढरी रेघ पडली. आत्याच्या उंबऱ्यापासून तीन फुटांवर. आत्या तिच्याकडं बघत होती आणि तिचं तोंड शांत होतं. नवरा गेल्यावर ट्रंक घेऊन ती या वाडीत उतरली, त्या दिवशीही ते असंच शांत होतं, असं बळवंत सांगायचा.

प्रफुल्ल रेघेच्या कडेनं चालत गेला. उंबऱ्याशी थांबला. तिथून त्यानं आपल्या पोफळींकडं बघितलं, मग वळून रेघेकडं. पाय उचलून तो पलीकडं जाणार होता, पण चुना पुसला जाईल म्हणून की कशानं, पाय तसाच मागं घेतला.

"बन्सी, विटा किती आणल्यास?"

"अभी तो दो सौ, साब. बाकी कल."

"दोनशे पुरेत. इकडं ये." तो नळापाशी आला. "याला घाल भिंत."

"नल को?"

"चारही बाजूंनी. कॉकपर्यंत हात पोचता कामा नये."

"वरनं पण बंद कर," धीरज घाईनं म्हणाला. "आत्या वरून हात घालेल."

"और वो बड़ी दीवार?"

"ते पुढच्या देवदिवाळीला बघू." प्रफुल्ल आत्याकडं वळला, पण तिच्या डोळ्यांत न बघता तिच्या कपाळाकडं बघत बोलू लागला, कंपनीत साहेबापुढं बोलतात तसं. "निवाडा झाला, मान्य आहे. पण पंचानंच पाणी घातलंय. असला निवाडा टिकत नाही. तो रद्द. कोरांटी पाण्यावाचून मेली असती तर मी भिंत घातली असती. आपण चौघांनी बुडवून मारली, ती मी तिच्या नावावर धरणार नाही. पुढचा पंच भागी."

"मी?" भागी म्हणाली. "मी ऱ्हाते पावसाळ्यापोत्तर. मंग परत येईन भात कापून."

"तेवढं पुरे. काय करायचं ते सांग."

"करायचं काय? जित्ती हायेत ती हातभर ठेवून छाटा. कुजलेली उपटा, माती उकरून वाळू द्या. पावसात बांधाकडच्या फांद्या लावा. तवर काय सुद्धा करू नका." तिनं आत्याकडं बोट केलं. "या म्हातारीवर कुनाला तरी बसवा."

"म्हातारी कोनाला म्हनतेस गं?" आत्या म्हणाली आणि तिनं पदरानं चेहरा पुसला.

बन्सीनं सिमेंट कालवलं. आयुष्यात त्यानं संडास बांधले होते, देवळं बांधली होती, बोईसरला चाळी बांधल्या होत्या. नळाला तुरुंग तो पहिल्यांदाच बांधत होता. दोघं भाऊ दोन बाजूंना उभे राहून विटा देऊ लागले, आणि देता देता कुणी जास्त पाणी घातलं यावर त्यांचं पुन्हा जुंपलं. धीरजचं म्हणणं रोजचा अर्धा तास म्हणजे काहीच नाही, तुझं शनिवारचं म्हणजे पूर. प्रफुल्लचं म्हणणं त्याच्या उलट. जावांनी उकडहंडीची पानं मांडली, चौकोन छातीपर्यंत आला, तरी हे चाललंच होतं.

बन्सीनं थापी थांबवली. "माताजी, एक छोटा दरवाज़ा रख दूँ? कभी मरम्मत करनी पड़ी तो?"

आत्या झटक्यात पुढं आली. "ठेव, ठेव! येवढासा ठेव. हात जाईल येवढाच..."

"नाही!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

बन्सीच्या हातातली थापी पडली. नारळावरचा एक कावळा उडाला. बळवंत गेल्यापासून त्या दोघांच्या तोंडून एका वेळी एक शब्द असा निघाला नव्हता. ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले, जणू दुसऱ्यानं आपला शब्द चोरला.

आत्या त्या दोघांकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली; दाराचं ती विसरूनच गेली होती. मग बन्सीच्या जवळ जाऊन, दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

"तेंना नीट समजलं नाय वाटतं. परत इचार."